राक्षसाच्या जिन्याला तीन गुण

मी बोलतेय ती एका करड्या प्लास्टिकच्या डबीतून. लोक मला कॅसेट म्हणतात, पण माझ्यात गाणी नाहीत आणि फीतही नाही. माझ्यात एक खेळ आहे. टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या खाचेत मला बसवलं की पडद्यावर एक ठेंगणी मुलगी उभी राहते. तिच्यासमोर ढगांत शिरलेला दगडी जिना असतो. राक्षसाने तिचं गाव उचलून वर नेलेलं असतं आणि ते परत आणायला ती एकेक पायरी उड्या मारत चढते. खेळाचं नाव 'राक्षसाचा जिना'. त्या काळी असे पुष्कळ खेळ निघत. मी त्यातलीच एक, पण माझी एक खोड होती आणि त्या खोडीनेच माझा घात केला.

मला एका जोडप्याने घडवलं. तो चित्रं नि आकडेमोड बघायचा, ती आवाज. जिन्यातले काही दगड कुजके आहेत, पाय ठेवला की कोसळतात. तो म्हणाला, "कुजक्या दगडावर तडा काढतो, म्हणजे लोकांना दिसेल."

ती म्हणाली, "दिसलं की संपलं. अंधारात जिना चढताना तू काय करतोस? कानोसाच घेतोस ना?"

मग तिने स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या स्टुलावर नवऱ्याला उभं केलं. "हल म्हणेन तेव्हाच हल. नाचू नकोस." त्या स्टुलाची कुरकुर ऐकून ऐकून तिने ती यंत्राच्या तुटपुंज्या सुरांत बसवली. कुजका दगड पुढे असला की तो आधीच बारीक कण्हतो. मुलीने थांबायचं, ऐकायचं आणि तो दगड ओलांडून पलीकडे उडी मारायची. एवढीच माझी करामत.

दुकानात जाण्याआधी मला एका मासिकाच्या कचेरीत पाठवलं गेलं. व्हिडिओ गेमची परीक्षणं छापणारं ते मासिक तेव्हा जोरात होतं. त्याने बरं म्हटलं तर माल खपायचा, नाही तर धूळ खात पडायचा. कचेरी म्हणजे एकच लांब खोली. खिडकीशी मुद्रितं तपासणारी मंडळी, आणि टोकाला एक टीव्ही. तिथे बसायचे त्या मासिकाचे नावाजलेले समीक्षक. त्यांना मी पुढे 'बाबा' म्हणणार आहे, कारण त्यांच्या मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली.

त्या कचेरीची एक रीत होती. मुद्रितं तपासणाऱ्या मॅडमना आवाज सहन होत नसे, म्हणून टीव्ही कायम मुका. यंत्र सुरू करायच्या आधी आवाजाचं बटण शून्यावर आणायचं, हे तिथे चहाआधी हात धुण्यासारखं झालं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बहुतेक खेळांना फरकही पडत नसे.

मला पडला. माझे दगड जीव तोडून कण्हत होते आणि बाबा शांतपणे त्यांच्यावर पाय ठेवत होते. मुलगी पडली. पुन्हा पडली. बाबांच्या मागे उभे असलेले दोघे सहकारी हसायला लागले. "हा जिना आहे की सरकारी पूल?" एकाने विचारलं. खेळातल्या तिसऱ्या मजल्यावर बाबांनी जॉयस्टिक टेबलावर ठेवली आणि लिहायला बसले.

दहापैकी तीन गुण. मथळा होता, 'न सांगता पडणारे दगड'. लिहिलं मात्र झकास होतं, हे मी नाकबूल करणार नाही. तो मथळा इतका गाजला की दुकानदारही गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचे, "तो नको घेऊ, त्यातले दगड न सांगता पडतात." माझ्या भावंडांचे गठ्ठे तसेच्या तसे परत गेले. त्या जोडप्याने पुढे खेळ केला नाही. केवळ त्या परीक्षणामुळे असं मी म्हणणार नाही, पोट सगळ्यांनाच असतं. पण स्टुलावर उभं राहणारा नवरा आणि 'नाचू नकोस' म्हणणारी बायको मला पुन्हा कधी दिसली नाहीत.

कचेरीतून मला कुणी परत मागितलं नाही. बाबांनी खिशात घालून घरी नेलं आणि लेकीपुढे टाकलं. "घे, मोडलीस तरी चालेल."

ती तेव्हा शाळेत जाणारी चिमुरडी, समोरचे दोन दात पडलेले. मला खाचेत बसवण्याआधी ती माझ्यात अशी फुंकर मारायची की निम्मी थुंकी आत जायची. आणि तिच्या घरात टीव्हीचा आवाज चालू असे. दुसऱ्याच दिवशी ती दगडांपाशी थबकली. मान वाकडी केली. पुढचा दगड सोडून पलीकडे उडी मारली. माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं ऐकलं होतं.

ती धावत बाबांकडे गेली. "बाबा, दगड सांगतात."

"हो का? छान," बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

मोठ्या माणसांचं हे एक मला कळत नाही. लहानांनी बोलावं म्हणून ती मागे लागतात, आणि बोललं की 'छान' म्हणून मोकळी होतात.

मग माझे सुखाचे दिवस आले. चादरीवर पालथी पडून ती खेळायची. मैत्रिणी यायच्या, भांडायच्या, एकीने मला खिडकीतून फेकायची धमकी दिली. पुढे अभ्यास आला, नवी यंत्रं आली, मी बुटांच्या खोक्यात गेले. खोक्यात वाईट नसतं. अंधार असतो, पण कुणी गुण देत नाही.

ती मोठी झाली आणि बापाचाच धंदा धरला. आता मासिकं उरली नव्हती, ती एका संकेतस्थळावर खेळांची परीक्षणं लिहू लागली. आणि एक दिवस तिच्याकडे परीक्षणासाठी काय यावं, तर 'राक्षसाचा जिना'ची नवी आवृत्ती. कुठल्याशा कंपनीने माझे हक्क घेऊन मला नव्याने रंगवलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, जुन्या समीक्षकांची तक्रार आम्ही दूर केली आहे. कुजके दगड आता पडण्याआधी लाल चमकत होते. कण्हणं काढून टाकलं होतं, त्या जागी दणदणीत संगीत.

बाकीच्यांची परीक्षणं आधीच आली होती. 'अखेर खेळण्याजोगा', 'जुन्या चुका सुधारल्या'. बाबांनी ती सगळी वाचली आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. "बघा, माझं ऐकायला इतकी वर्षं लागली त्यांना."

लेक दारातच उभी होती. तिने माझं खोकं टेबलावर आदळलं.

"बाबा, तेव्हा तुम्ही आवाज लावला होता?"

"ऑफिसात ती पद्धत नव्हती."

"म्हणजे नाही."

"अगं, पलीकडे मॅडम बसायच्या. टाचणी पडली तरी मान वर करायच्या."

"मॅडमच्या मानेसाठी तुम्ही एका खेळाचा गळा कापलात. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही 'छान' म्हणालात."

"तू फार बोलतेस."

"तुम्ही फार कमी ऐकता."

हे ती रागात बोलून गेली आणि तिने जीभ चावली. कारण बाबांना खरंच कमी ऐकू येत होतं. दाराची घंटा त्यांना कळत नसे. कानाचं यंत्र आणलं होतं, ते कपाटात चष्म्याच्या डबीशेजारी पडलेलं होतं.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "बरं. तुझं खरं धरलं. मग ज्याला ऐकूच येत नाही, त्याने तुझा तो जिना चढायचाच नाही का?"

तिने खोक्याचं झाकण उघडून मला बाहेर काढलं. मला घडवणारीने कानोसा घ्यायला सांगितलं, पण कान थकलेल्यांचा विचार तिनेही केला नव्हता.

"लाव," बाबा म्हणाले.

तिने जुनं यंत्र काढलं, तारा सोडवल्या, मला खाचेत बसवलं. बाबांनी जॉयस्टिक घेतली. आवाज मोठा केला तरी पडद्यावरची मुलगी पडलीच. पुन्हा पडली. "संगीत कळतंय. बाकी काही नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. पण हट्ट गेला नाही. तिने त्यांचा हात धरून टीव्हीच्या बाजूच्या जाळीवर ठेवला, जिथून आवाज येतो तिथे.

"जॉयस्टिक मला द्या. तुम्ही फक्त हात ठेवा."

मुलगी तिसऱ्या मजल्यावर उभी होती. माझा दगड कण्हला. बाबांच्या तळव्याखाली जाळी बारीक थरथरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा?"

"हाच."

"पुढचा कुजका आहे."

"मग काय करू?"

"सोड त्याला. मार उडी."

तिने मारली. पलीकडचा दगड पक्का होता. मग ते सांगत गेले आणि ती उड्या मारत गेली. चौथा मजला आला तेव्हा बाबा सतरंजीवर मांडी ठोकून बसले होते आणि "घाई करू नकोस, घाई करू नकोस" म्हणून तिला दटावत होते. जणू हा खेळ त्यांनीच तिला शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षण लिहून त्यांना वाचायला दिलं. बाबांनी चष्मा लावला. सवयीप्रमाणे दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे केले. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"'त्या काळच्या एका मासिकाने आवाज न ऐकताच निकाल दिला.' मासिकाने? मासिक काय जॉयस्टिक धरून बसलं होतं?"

"मग काय लिहू?"

"माझ्या वडिलांनी, असं लिही. आणि नाव घाल."

ती टेबलाची कड खरवडत राहिली. भांडताना तिला कुणाची भीती वाटत नसे, पण हे छापलं जाणार होतं. 'न सांगता पडणारे दगड' हीच तर बाबांची उरलेली कीर्ती होती. लग्नकार्यात आजही कुणी ओळख करून देताना म्हणे, "हे ते दगडवाले."

"लोक हसतील तुम्हाला."

"मी तीन गुण दिले तेव्हा तो खेळ घडवणाऱ्यांना हसले होते. काल का आज, हिशोब तोच." त्यांनी कागद परत केला. "आणि तो लाल दिवा काढा म्हणून लिहू नकोस. तो मला लागतो. कण्हणं परत घाला म्हणावं, दिवाही राहू दे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं."

तिने नाव घातलं.

"गुण किती देतेस?"

"जुन्या खेळाला? सात."

"सातच?"

"पाचवा मजला बघितलात ना?"

बाबांनी विचार केला. "हो, तो रटाळच आहे."

परीक्षण छापलं गेलं. काही जण खरंच हसले. एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून "लेकीला फार डोक्यावर बसवलंयस" असं सुनावलं. बाबांनी ऐकू आलं नसल्याचं सोंग केलं. कंपनीने कण्हणं परत घातलं की नाही ते मला ठाऊक नाही. खोक्यापर्यंत बातम्या उशिरा पोचतात.

आता माझ्या पितळी पट्ट्या झिजल्यात. कधी लागते, कधी पडदा नुसता करडा राहतो. एक दिवस कायमचाच राहील. तेव्हा मला थोर वगैरे ठरवू नका. जुनी आहे म्हणून कुणी मला दहा दिले, तर तोही न ऐकताच दिलेला निकाल असेल. माझा पाचवा मजला खरोखर रटाळ आहे आणि शेवटचा राक्षस फार लवकर मरतो. आम्हाला गुण देणाऱ्यांनो, कमी द्या, हवे तर तीनच द्या. पण आधी आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या.

मला सात मिळाले, आणि तेही सगळे मजले चढून गेलेल्या माणसांकडून. बाईला एका जन्मात आणखी काय हवं?