खालच्या खणातली केशरीवाली

मी बोलतेय, ट्रॉलीच्या सगळ्यात खालच्या खणातून. आवाज दबका वाटेल, कारण खण नीट उघडत नाही. उघडायची वेळच फारशी येत नाही ना!

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तातडीच्या औषधांची एक लाल ट्रॉली उभी असते. त्यातली मी एक काचेची बाटली. पोटात केशरी भुकटी. नाव डँट्रोलीन, पण ते कोणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून इथल्या सिस्टर आम्हा सगळ्या बहिणींना 'केशरीवाली' म्हणतात. मला चालतं. टोपणनावाने का होईना, कोणीतरी हाक मारावी एवढीच माझी अपेक्षा.

माझं काम सांगते. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात. बहुतेकांना काही होत नाही, झोपतात आणि उठतात. पण काही घराण्यांच्या रक्तात एक दोष असतो. आजोबाकडून बापाकडे, बापाकडून लेकीकडे गुपचूप चालत येतो. एरवी माणूस धडधाकट. भुलीचे ठरावीक गॅस शरीरात गेले की त्याचे स्नायू एकाएकी पेटतात, अंग आखडतं, ताप चढत जातो आणि शेवटी हृदय थांबतं. पूर्वी डॉक्टरांनाही हे काय आहे ते कळत नव्हतं. ज्यांना व्हायचं त्यातले बरेचसे टेबलावरच जायचे. मग कारण सापडलं, आणि ती आग विझवणारं औषधही सापडलं. ते औषध म्हणजे मी. तरी कित्येक वर्षं मी आपल्याकडे सहज मिळतच नव्हते. आता मिळते. पण हाताशी असले तरच उपयोग, कारण या आजारात वाट बघायला सवड नसते.

आणि वाट बघणं हेच तर माझ्या नशिबी! वरच्या खणातली इंजेक्शनं रोज बाहेर पडतात. दिवसभर त्यांची ये-जा, नुसता रुबाब. मी आपली महिन्यातून एकदा माया सिस्टरच्या हाती लागते. ती माझ्यावरची तारीख वाचते आणि परत ठेवून देते. एकदा एक साहेब म्हणाले, "हे कधी लागतच नाही, तर ठेवायचं कशाला?" तेव्हा डॉ. नम्रता कडाडल्या, "फायर ब्रिगेड पण रोज लागत नाही सर, म्हणून बंद करायची का?" या नम्रताबाई भूल देणाऱ्या डॉक्टर. नाव नम्रता, पण बोलण्यात तिखट.

खरं सांगू? मला चैन पडायचं नाही. मला बोलावणं येणं म्हणजे कोणाच्या तरी जिवावर बेतणं, हे कळत होतं. तरी आतून वाटायचं, एकदा उघडा रे हा खण! मग स्वतःचीच लाज वाटायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

आणि एक दिवस अक्षता आली.

लालबागची पोरगी, कॉलेजात शिकणारी, कबड्डी खेळणारी. खांदा वारंवार निखळायचा म्हणून ऑपरेशन ठरलं होतं. सोबत तिचे वडील प्रफुल्ल आणि आजी सुंदराबाई. माणसं मूळची मालवणकडची, आजी लग्न होऊन चाळीत आली ती तिथलीच झाली. ट्रॉलीशेजारीच स्ट्रेचर थांबलं. माया सिस्टरने रिवाजाप्रमाणे पुन्हा विचारलं, "घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता? ऑपरेशनमध्ये कोणी गेलं होतं?"

"नाही सिस्टर," प्रफुल्ल म्हणाले. "माझा मोठा भाऊ गेला, पण तो तापाने. मी तेव्हा लहान होतो."

 आजीने नातीच्या कपाळावरून हात फिरवला आणि पुटपुटली, "आज नको ते विषय. पोर आत चाललीय." शुभकार्याला निघालेल्या माणसासमोर गेलेल्याचं नाव काढायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. ऑपरेशनही त्यांनी शुभकार्यात धरलं होतं. मला ते ऐकून उगाच अस्वस्थ वाटलं. पण बाटलीला कोण विचारतो?

अक्षताला आत नेलं. थोड्या वेळाने आतून नम्रताबाईंचा आवाज आला.

"जबडा एवढा कडक का लागतोय? कार्बन डायऑक्साइड बघा, वाढतच चाललाय! गॅस बंद करा. मशीन बदला. माया, केशरीवाल्या आण, सगळ्या आण!"

खण अडकला. मायाने लाथ घातली तसा तो उघडला. आम्ही टेबलापाशी पोचलो तर पोरीचं अंग लाकडासारखं ताठ, हृदयाचे ठोके सैरावैरा, ताप चढणीला लागलेला. कोणी बर्फ आणायला धावलं. आमची भुकटी भारी हट्टी, पाण्यात लवकर विरघळत नाही. बाटली दणादण हलवावी लागते. त्यामुळे हात रिकामा असेल तो प्रत्येक जण बाटली हलवत होता. मोठे सर्जनसुद्धा! एरवी साधी कात्री स्वतः उचलत नाहीत, त्या दिवशी घामाघूम होऊन बाटली हलवत होते. माझ्या बहिणी एकेक करून तिच्या शिरेत गेल्या.

मग नम्रताबाईंनी मला उचललं. अंगठा माझ्या झाकणावर आला. आलाच माझा क्षण!

"थांबा," त्या म्हणाल्या. नजर मॉनिटरच्या पडद्यावर होती. कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरत होता. पोरीची बोटं सैल पडली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. नम्रताबाईंनी मला तशीच अंगरख्याच्या खिशात टाकली.

म्हणजे माझी पाळी हुकली. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं की आनंदाचं हे माझं मलाच कळलं नाही.

अक्षताला अतिदक्षता विभागात हलवल्यावर नम्रताबाई बाहेर बाकावर आल्या. पोरगी वाचलीय, पण अजून लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. प्रफुल्ल भिंतीला टेकून खालीच बसले. नम्रताबाईंनी मला खिशातून काढून दाखवलं. "या औषधाने वाचली. आता नीट आठवून सांगा. हा आजार घरातूनच येतो. भूल दिल्यावर अंग कडक होतं, भयंकर तापतं..."

"तापता?" सुंदराबाईने मान वर केली. "किती तापता?"

"हात लावला तर चटका बसेल इतकं, आजी."

म्हातारीने हात पुढे केला आणि मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. मुठीत गच्च धरलं. मग बोलायला लागली ती आपल्या गावच्या बोलीत, कोणाकडे न बघता.

"माझो आनंदा. मंडपाच्या बांबूवरना पडलो, हात मोडलो. सकाळी चलत गेलो इस्पितळात. ताप नाय, काय नाय. हात बसवूक भूल दिल्यानी. सांजचो घरी आणलो तो आडवो. म्हणाले, ताप मेंदूत चढलो, गेलो. चाळीत खाली पाटार बसवून आंघोळ घातली. शेवटचा पाणी मी घातलंय. तेच्या छातीक हात लागलो..." ती थांबली. "गरम होतो गो बाय. चुलीसारखो गरम. मी बोंबललंय, तो जितो हा, नेव नको! माणसांनी माका धरून बाजूक केला. म्हणाले, आई हा ती, येडी झाली."

नम्रताबाई तिच्या शेजारी बसल्या.

"आये," प्रफुल्ल तिच्याकडे सरकले. "मला कधीच सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बापाशीन आगीन दिल्यान तेका. तेका कसा सांगू, की आमी जित्या पोराक जाळला?"

एवढी वर्षं ही बाई हे उरात घेऊन जगली. स्वयंपाक केला, पोरं वाढवली, नवऱ्याला जेवू घातलं, आणि त्याच्यासमोर ब्र काढला नाही. मला खणातले दोन दिवस सोसत नव्हते.

"आजी, इकडे बघा," नम्रताबाई म्हणाल्या. तिखटपणा कुठल्या कुठे गेला होता. "मी तेव्हा तिथे नव्हते. पण तुम्ही सांगताय तो हाच आजार वाटतो मला. यात अंग एवढं तापतं की हृदय थांबल्यावरही ते निवायला तासन्‌तास लागतात. तुमचा हात खोटं बोलला नाही, अंग गरमच होतं. पण आनंदा इस्पितळातच गेला होता. तुम्ही जिवंत मुलाला नाही जाळलं."

"नक्की?"

"नक्की, आजी."

सुंदराबाईने मला कपाळाला लावलं आणि मोठ्याने रडली. पॅसेजमधली माणसं वळून बघायला लागली, तरी तिला कोणी गप्प केलं नाही. माझी थंडगार काच तिच्या मुठीत ऊबदार झाली. मी पोरीच्या शिरेत गेले नाही, पण त्या दिवशी मीही थोडी वापरली गेले असं मला वाटतं.

पुढे अक्षताच्या आणि प्रफुल्लच्या रक्ताची तपासणी झाली. दोष दोघांतही निघाला. अक्षताच्या गळ्यात आता एक छोटी स्टीलची पट्टी असते, तिच्यावर हे सगळं कोरलंय. तिला ती मिरवायला आवडते.

हल्लीच प्रफुल्ल स्वतः आले. पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. या वेळी सगळं आधीच ठरलं. ते गॅस मशीनवरून काढून टाकले, मशीन नुसत्या ऑक्सिजनने धुऊन घेतलं, भूल शिरेतून द्यायचं ठरवलं. आम्ही खणात नव्हतो, टेबलाशेजारी ट्रेमध्ये रांगेत उभ्या होतो.

दाराशी मायाने रिवाजाप्रमाणे विचारायला तोंड उघडलं, तोच सुंदराबाई पुढे झाली. पोटचा पोरगा आत चालला होता, तरी ती सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "लिव गो बाय. माझो मोठो झील आनंदा भूल देताना गेलो. तापान नाय. हेका पण तोच दोष हा. नीट बघा."

प्रफुल्लनी आईचा हात दाबला आणि आत गेले. ऑपरेशन झालं. आकडे जागचे हलले नाहीत. झाकणाला कोणी हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी उघडलं नाही याचं वाईट वाटलं नाही.

आता माझी तारीख संपलीय. नव्या बाटल्या आल्या आहेत, आणि मायाने माझ्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'फक्त सरावासाठी'. आज नवे डॉक्टर आम्हाला हलवायला शिकणार आहेत. मी कोणाला वाचवणार नाही, पण माझ्यावर ज्यांचे हात बसतील ते कोणालातरी वाचवतील.

जाता जाता एकच मागणं. घरात कोणी ऑपरेशनला निघालं की त्याआधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोण गेलं एवढ्यावर थांबू नका, कसं गेलं तेही विचारा. आणि एखादी आई म्हणाली की अंग गरम होतं, तर तिला बाजूला करू नका.

पावलं वाजतायत. नम्रताबाईंचा आवाज येतोय. या, झाकण उघडा, पाणी सोडा आणि हलवा जोरात. फार वाट बघितली मी.