कुरोड्यांवरचा शिक्रा

पावशाला शिक्रा म्हणणं हा काही फाशीचा गुन्हा नव्हे. एक कोकिळेच्या जातीतला, दुसरा चिमण्या मारणारा शिकारी, तरी भले भले फसतात. तोच राखाडी रंग, शेपटीवर तेच आडवे पट्टे, झाडात घुसायची तीच ढब. जिथे चिमण्यासुद्धा पावशाला बघून शिक्रा आला म्हणून पळतात, तिथे जबलपूरच्या रांझीतल्या क्वार्टरमधल्या कलावतीनं काय करावं? तिनं आपल्या मागच्या अंगणात फोटो काढला, खाली ‘शिक्रा’ असं लिहिलं आणि पक्षीवाल्यांच्या प्रदर्शनाला पाठवून दिला.

प्रदर्शन ओमतीजवळच्या एका हॉलमध्ये होतं. फोटो लागला, नाव लागलं, कलावती नवी साडी नेसून गेली. सोबत तिची मुलगी अंजनी. पोरगी बँकेत लागलेली, तिनं कौतुकानं बँकेतल्या दोन मैत्रिणींनाही आणलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी प्रदर्शन भरवणारे दिवाकरजी हातात माइक घेऊन पाहुण्यांना फोटो दाखवत तिथवर आले. थांबले. चष्मा वर केला.

“अरे माताजी, ये तो पपीहा है! शिक्रा बोल के कोयल का भाई टाँग दिया आपने!”

हॉल हसला. दिवाकरजी काही वाईट माणूस नव्हे, जिभेला हाड नाही एवढंच. कलावतीही हसली, दुसरं करते काय? पण हसता हसता तिनं अंजनीकडे पाहिलं. अंजनी जमिनीकडे बघत होती. “चलते हैं आई, देर हो रही है,” एवढंच ती म्हणाली, आणि मैत्रिणींना मागे टाकून एकटीच बाहेर निघून गेली.

लोक हसले त्याचं कलावतीला फारसं काही नाही. लोक हसतातच. पण पोटच्या पोरीला आपली लाज वाटली, हे तिच्या जिव्हारी लागलं. त्यात अंजनीचं लग्न ठरलेलं, वैशाखातलं. मग ती रायपूरला जाणार. तिकडे गेल्यावर पोरीच्या मनात आईची आठवण कोणती राहणार? हॉलमध्ये माइकवर हसं झालेली बाई? छे! कलावतीनं ठरवून टाकलं. पोरगी घरातून निघायच्या आत, याच अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत खरा शिक्रा कॅमेऱ्यात धरायचा. मग प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

अंगण म्हणजे क्वार्टरच्या मागची जागा. एक कडुनिंब, एक पेरू, न्हाणीघर, कपड्यांची दोरी आणि पलीकडे कारखान्याच्या वसाहतीची भिंत. घारी वर फिरायच्या, त्यांचं काही अप्रूप नाही. पण होळी झाली आणि कडुनिंबावर शिक्र्याची जोडी आली. यावेळी कलावतीनं पुस्तक उघडून खात्री केली, दहादा केली. नराचा डोळा लालबुंद, चोच आकड्यासारखी वाकडी, पंजांना अणकुचीदार नख्या. पावशा असा नसतो.

तिनं न्हाणीघर आणि पेरूच्या मध्ये जुनी मातकट चादर बांधली, तिला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि आत स्टूल टाकून बसायला लागली. सकाळी उठल्या उठल्या बसायची. शेजारची मिश्रीण भिंतीवरून विचारायची, “भाभीजी, किसको पकड़ रही हो?” नवरा अंबादास कारखान्यात निघताना म्हणायचा, “चहा तं दे व मले, मंग जा तुह्या तंबूत.” कलावती चहा द्यायची आणि तंबूत जायची. शिक्रा मात्र वरच. शेंड्याला, पानाआड, नाहीतर नेमका उन्हाच्या तोंडाशी. फोटोत काळा ठिपका यायचा. त्या ठिपक्याला शिक्रा म्हणा, कावळा म्हणा, नाहीतर अंबादासचा मोजा म्हणा.

अशात कुरोड्यांचे, म्हणजे कुरडयांचे, दिवस आले. अंजनीच्या रुखवतात कुरोड्या हव्यात, आणि त्या आजीच्या हातच्याच हव्यात, यावर घरात चर्चाच नव्हती. कलावतीची सासू कुसुमबाई मूळची भंडाऱ्याकडची, पन्नास वर्षं जबलपुरात काढली तरी तिची बोली तसूभर हलली नाही आणि कुरोडीचा चीकही कधी पातळ झाला नाही. गहू भिजले, रोज पाणी बदललं, चीक निघाला, शिजला. अंगणात खाट पडली, तिच्यावर पांढरं लुगडं, आणि म्हातारीनं साच्यातून एकेक कुरोडी अशी उतरवली की बघत राहावं. मग काठीला काळं फडकं बांधून ती खाटेशेजारी राखण बसली.

चिमण्या आल्या. पेरूवर, दोरीवर, भिंतीवर, ओल्या चिकाच्या वासानं नुसता कलकलाट. आणि त्यांच्या मागं, भिंतीला घासून, जमिनीपासून हातभर उंचीवरून तो आला. शिक्रा! कलावतीचं बोट बटणावर गेलं आणि त्याच क्षणी कुसुमबाईनं फडकं फिरवलं. “हाऽऽड!” चिमण्या उडाल्या, शिक्रा वळला, संपलं.

पण कलावतीला जे कळायचं ते कळलं. तो झाडासाठी येत नाही, चिमण्यांसाठी येतो. आणि चिमण्या कुरोड्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमबाई बुद्धविहारात निघाली. “नीट ध्यान ठेवजो, पोरीच्या रुखवताच्या आहेत,” असं बजावून गेली. “हो आत्याबाई,” कलावती म्हणाली. आणि म्हातारी कोपऱ्यावरून वळताच तिनं फडक्याची काठी घरात नेऊन ठेवली. हो, ठेवली. आता तिची बाजू काय घ्यायची? केलं ते केलं.

चिमण्यांनी दिवाळी केली. टोचलं, तोडलं, विखुरलं, वर घाणही करून ठेवली. कलावती चादरीआड दात आवळून बसली. आत्ता येईल, आत्ता येईल. शिक्रा काही आला नाही. आली ती कुसुमबाई.

तिनं खाटेकडे पाहिलं. मग चादरीकडे.

“कलावतेऽऽ! बाहेर निंघ!”

कलावती बाहेर आली.

“काठी कुठी आहे?”

“घरात ठेवली मी.”

“काहून?”

“शिक्रा यावा म्हणून.”

“म्हणजे चिमन्या जमवून राहिली होती तू? तो येऊन चिमनी मारन अन् तू फोटू काढशीन?” म्हातारीनं एक टोचलेली कुरोडी उचलून तिच्यासमोर धरली. “रोज सकायी पंचशील म्हनतो व आपन! पहिलंच काय आहे त्याच्यात? जीव मारनार नाही म्हून हात जोडतं, अन् दुपारी चारा टाकून जीव मारवतं? कुरोड्या गेल्या त्या गेल्या, मी नवीन करीन. हे कुठी फेडशीन?”

तोवर अंजनी बँकेतून आली होती. दारात पर्स हातात घेऊन उभी. तिनं खाटेवरची नासाडी पाहिली आणि फार हळू विचारलं, “आई, मेरी शादी से ज़्यादा तुमको वो चिड़िया प्यारी है?”

कलावतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझ्यासाठीच करून राहिली बाई, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नासलेल्या कुरोड्यांसमोर उभं राहून ते कोणत्या तोंडानं बोलणार? ती घरात गेली, आणि रात्री कुणी जेवलं नाही.

आता इथं दुसरी कुणी असती तर तिनं कॅमेरा पेटीत टाकला असता. कलावतीनं सकाळी उठून गहू निवडायला घेतले. आणले स्वतः, भिजवले स्वतः, पाणी बदललं, वाटले, गाळले. खांदे भरून आले तरी कुणाला हात लावू दिला नाही. चीक शिजवायच्या दिवशी मात्र ती कुसुमबाईसमोर जाऊन उभी राहिली.

“आत्याबाई, चुकलं माझं. चीक तुम्ही हाटून द्या. माझ्या हातचा पातळ होतो. पण एक सांगते, मी तंबू सोडणार नाही. मले तो फोटो पायजे.”

“इतकं काय अडलं व त्या फोटूवाचून?”

मग कलावतीनं सांगितलं. हॉल, माइक, हसणारे लोक, आणि जमिनीकडे बघणारी अंजनी. घरात हे पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. “ती जाईन आता आत्याबाई. जाताना तिच्या डोयात ते नको.”

कुसुमबाईनं चीक हाटायला घेतला. मग म्हणाली, “पाह्य. कुरोड्या वाळवाले घालाच्या, चारा म्हून नाही. चिमन्या आल्या तं बोलावल्या नाही, अन् हाकलाच्याही नाही. दोन कुरोड्या त्याहीच्या समज. पन काठी तू लपवाची नाही. काठी माह्यापाशी राहीन. लय झाल्या का मी उठवीन. मंग तुह्या नशिबात असन तं भेटन.”

“मान्य,” कलावती म्हणाली.

खाट पडली, लुगडं पडलं, कुरोड्या उतरल्या. म्हातारी काठी मांडीवर आडवी घेऊन दारात बसली. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी रविवार. ऊन वर चढलं तशी चादर हलली आणि कुणीतरी आत शिरलं. अंजनी. हातात चहाचा कप.

“आजीने बताया मुझे,” ती म्हणाली. कप खाली ठेवला आणि स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. कलावतीनं लेन्सवरचा डोळा काढला नाही. चहावर साय धरली.

चिमण्या खाटेवर उतरल्या होत्या. कुसुमबाईचा हात काठीवर गेला, थांबला. आणि एकदम सगळं अंगण चिडीचूप झालं. भिंतीवरून राखाडी काहीतरी सरळ खाटेवर कोसळलं. चिमण्या फुटल्या दाही दिशांना. हुकला! पंजात चिमणी नाही, लुगड्याची चुणी आणि अर्धी कुरोडी. खाटेच्या मधोमध, पांढऱ्या कुरोड्यांत, तो पंख अर्धे उघडे टाकून बसला, चारचौघांत घसरून पडलेल्या माणसासारखा चिडलेला.

कलावतीचे हात थरथरायला लागले. लेन्समध्ये लाल डोळा दिसत होता, मग दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसला. तेवढ्यात अंजनीनं दोन्ही हातांनी आईचा कोपर खालून धरला. घट्ट. लेन्स स्थिर झाली.

“आई, काढ,” ती कुजबुजली. “तो पाहून राहिला.”

कलावतीनं बटण दाबलं, दाबतच राहिली. शिक्र्यानं पायातली कुरोडी झटकली, एकदा चादरीकडे पाहिलं आणि भिंतीपलीकडे गेला. मग दोघी चादरीआड हसायला लागल्या, आणि बाहेरून कुसुमबाई ओरडली, “वाचली ना व चिमनी? वाचली ना?”

“वाचली आजी!”

“मंग हसा.”

लग्नात रुखवत मांडलं गेलं. कुरोड्या, शेवया, पापड, विणलेले रुमाल. त्यांच्या मधोमध चौकटीत तो फोटो. ठेवू नको म्हणून कलावती सांगून थकली, पण अंजनीनं स्वतः जागा करून ठेवला होता. नवऱ्या मुलाच्या आत्यानं तो बराच वेळ न्याहाळला.

“रुखवतात घार कुणी ठेवली बाई?”

अंजनी पांढऱ्या साडीत, हार गळ्यात, मांडवाकडे निघाली होती. ती थांबली. सगळे तिच्यासाठी खोळंबले होते, पण ती मागे फिरली.

“घार नाही आत्या. शिक्रा आहे. माझ्या आईनं काढला.”

“शिक्राच कशावरून?”

“मी होती ना तिथं,” अंजनी म्हणाली. “तिच्या बाजूला बसून.”

मग ती मांडवात गेली. कलावतीला भडभडून रडू आलं आणि तिनं ते अडवलंही नाही. मुलीच्या लग्नात आई रडली तर काहून रडून राहिली, असं कुणी विचारत नाही.