बाईंना उठवा

“खुर्ची राहू दे. बाईंना उठवा,” गॅलरीचे मालक म्हणाले.

मला वाटलं, ते माझ्याबद्दलच बोलताहेत. मी अर्धवट उठलेसुद्धा. मग लक्षात आलं, ते भिंतीला टेकवलेल्या चित्रांकडे बघत होते. सात चित्रं. सातही चित्रांत तेच स्वयंपाकघर, तीच खिडकी, तीच लाकडी खुर्ची आणि खुर्चीत तीच बाई. कुठे ती शर्टाला बटण लावत होती, कुठे ओले केस पाठीवर सोडून बसली होती, एका चित्रात तर वर्तमानपत्र मांडीवर पडलेलं, त्याचं एक पान खुर्चीखाली घसरलेलं आणि ती चक्क डुलकी काढत होती.

चित्रकार माझ्या शेजारी बसले होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. चित्रातली बाई म्हणजे त्यांची बायको.

“उठवा म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“असं बघा मास्तर, उजेड फार सुरेख आलाय. खुर्ची तर अशी, की जाऊन बसावं. पण दुसऱ्याची बायको आपल्या घरात कोण लावणार? खुर्ची रिकामी असली की ज्याला त्याला आपापलं माणूस आठवतं. तीन आठवड्यांनी माझी एक भिंत मोकळी होतेय. ह्याच सात चित्रांतून बाईंना उठवा. भिंत तुमची.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. कारण त्यांना तिथवर नेलं होतं मीच.

हे माझं कामच होतं. मी आधी एका फ्रेमवाल्याच्या दुकानात काउंटरवर होते. लोक काय मढवून नेतात आणि काय परत परत हातात घेऊन शेवटी सोडून जातात, हे दहा वर्षं बघितलं. चित्रकार यायचे, ते चित्र चांगलं काढायचे आणि बोलायला लागले की सगळं मातीत घालायचे. मग मी त्यांच्या वतीनं बोलायला लागले. चित्रांचे फोटो काढायचे, मापं लिहायची, माहितीपत्रक तयार करायचं, गॅलरीवाल्यांच्या दारात तासन् तास बसायचं. माझा भाऊ म्हणायचा, “लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस तू.” पण माझ्या हातून पंधरा-वीस जण मार्गी लागले होते. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

बाहेर आल्यावर मास्तर फुटपाथवरच थांबले. “काय करू, ताई?”

वीस वर्षं हा माणूस शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून रंगवत होता आणि कुत्रंही ढुंकून बघत नव्हतं. मी म्हटलं, “मास्तर, संधी दोनदा दार वाजवत नाही. आत्ता घ्या. एकदा नाव झालं की तुम्हाला हवं ते काढा. मग कोण अडवतंय?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा वहिनींना सगळं कळलं होतं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि हसत म्हणाल्या, “ऐकलंत का ताई, आधी हे मला चित्रात काढायचे. आता चित्रातनं काढताहेत. शब्द तोच हो!”

मीही हसले. मास्तर हसले नाहीत. ते पहिल्या चित्रासमोर ब्रश घेऊन उभे होते. रंग नुसता वरून चढवायला निघाले होते, तेव्हा मीच त्यांना थांबवलं.

“असं नका करू. आधी पॉलिशपेपरनं घासून घ्या. तुम्ही केसांना, खांद्याला रंग जाड लावलाय. नुसता झाकलात तर खालचे उंचवटे तसेच राहतील, तिरप्या उजेडात दिसतील. गिऱ्हाईक चित्र परत घेऊन येतं मग.”

फ्रेमच्या दुकानातलं ज्ञान. ते मी फुकट वाटलं.

मास्तरांनी तीन आठवड्यांत सातही चित्रं घासली, वहिनींच्या जागी खुर्चीची पाठ आणि मागची भिंत रंगवली. वहिनी केस वाळवत होत्या तिथे आता ऊन पडलं होतं. मी या नव्या चित्रांचे फोटो काढले. आधीच्या चित्रांचे काढले नव्हते. जे विकायला जाणार नाही त्याचे फोटो काढायची पद्धत माझ्याकडे नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी वहिनी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. एका सूटवाल्या गृहस्थानं त्यांना अदबीनं विचारलं, “आपण कोण?”

“मी होय? मी उठले म्हणून तर ही रिकामी झाली,” वहिनी खुर्चीच्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या. गृहस्थाला काही कळलं नाही. सातही चित्रं त्याच आठवड्यात गेली.

पुढची चौदा वर्षं मास्तरांनी खुर्च्या काढल्या. बागेतली खुर्ची, गच्चीवरची खुर्ची, एक पाय मोडलेली, दोन समोरासमोर ठेवलेल्या. लोक त्यांना खुर्चीवाले मास्तर म्हणायला लागले. त्यांनी शाळा सोडली. गळकं छत नवं केलं. मी माहितीपत्रकात लिहायचे, ‘ही रिकामी जागा आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे.’ वाक्य इतकं चाललं, की दुसऱ्या दोन गॅलऱ्यांनी ते जसंच्या तसं उचललं.

मधूनच मास्तर म्हणायचे, “ताई, यंदा हिला बसवून दोन-चार काढू का?”

मी म्हणायचे, “पुढच्या वर्षी. यंदाच्या मागण्या तेवढ्या पुऱ्या करू.”

असं त्यांनी तीनदा विचारलं असेल, की चारदा. नंतर विचारायचं बंद केलं. मला हायसंच वाटलं होतं.

वहिनी गेल्या त्या चार दिवसांच्या आजारात. ताप आला, छातीत भरलं, दवाखान्यात नेलं आणि संपलं. मी भेटायला गेले तर मास्तर स्वयंपाकघरात उभे होते. त्यांच्याने बसवत नव्हतं. कलाकारांच्या वतीनं मी इतकी बोलले होते, पण त्या घरात तोंड उघडायला एक शब्द सापडला नाही.

दोन महिन्यांनी ते सकाळी माझ्याकडे आले. बरोबर चादरीत गुंडाळलेले पाच कॅनव्हास. मी सोडून बघितले. पाचही चित्रांत खिडकी होती, ऊन होतं, खुर्ची होती. खुर्चीत वहिनींच्या जागी कुठे नुसता करडा डाग, कुठे ब्रशनं गोलगोल फिरवलेलं काहीतरी, एकात खांद्यासारखं सुरू होऊन मध्येच खुर्चीची पाठ झालेली.

“बसतच नाही ती,” मास्तर म्हणाले. “खुर्ची होते. उजेड होतो. ती बसत नाही. हात तिथवर गेला की आपोआप पाठीच्या पट्ट्याच काढतो.”

“फोटो असतील ना घरात?”

“आहेत की. पण फोटोत ती फोटो काढायला बसलीय. तशी कधीच बसायची नाही ती. खांदा असा एका बाजूला…” त्यांनी आपला खांदा पाडून दाखवायचा प्रयत्न केला. मग दुसरा पाडला. “बघा, कुठला ते पण आठवेना.”

मी सगळी कपाटं उपसली, जुन्या फायली, जुनी पाकिटं. खुर्च्यांचे शेकडो फोटो निघाले. वहिनींचा एकही नाही.

मग मला आठवलं, की त्या पहिल्या सातांपैकी एक चित्र आमच्याच भागातल्या एका दाताच्या डॉक्टरांनी घेतलं होतं. बाकीची सहा कुठे गेली याचा पत्ता नव्हता. पण हे त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावलंय असं कोणीतरी म्हणालं होतं. मी मास्तरांना म्हटलं, “केसांना तुम्ही ब्रशऐवजी सुरीनं जाड रंग लावायचात. कितीही घासलं तरी थोडाफार उंचवटा राहतोच. निदान खांद्याची रेघ सापडली तरी हाताला कळेल. चला.”

मास्तरांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. वाटेत बसमध्ये ते स्वतःहून बोलत होते. डुलकीवालं चित्र असलं तर बरं, म्हणाले. त्यात मान आहे.

दवाखान्यात सातआठ माणसं गाल धरून बसली होती. चित्र समोरच्याच भिंतीवर होतं. दवाखान्याच्या खिडकीतून त्यावर तिरपं ऊन येत होतं, पाहिजे होतं तसंच. ते डुलकीवालंच चित्र होतं. मी ओळखलं, कारण खुर्चीखाली वर्तमानपत्राचं एक पान तेवढं ठेवायला गॅलरीवाल्यांनी परवानगी दिली होती.

मास्तर जवळ गेले. चष्मा काढला. एकदा डाव्या बाजूनं वाकून बघितलं, एकदा उजव्या. मग दोन बोटं कॅनव्हासवर ठेवली आणि आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी वरून खाली आणली. मान जिथे असायला हवी तिथे थांबले. पुन्हा वर गेले. पुन्हा खाली आले.

एक गाल सुजलेले गृहस्थ दुखणं विसरून बघत होते.

“काही लागतंय?” मी हळूच विचारलं.

मास्तरांनी हात खाली घेतला.

“चोख घासलंय,” ते म्हणाले. “मी काम चोख केलं होतं, ताई.”

त्या आवाजात माझ्यावर राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. वर्गात एखाद्या पोराच्या वहीवर शेरा द्यावा तसं ते म्हणाले होते.

“अहो आजोबा, चित्राला हात नका लावू!” काउंटरवरची मुलगी उठून आली. “नंबर आहे का तुमचा? नसेल तर फॉर्म भरा, मगच बसा. नवे पेशंट ना?”

मी सांगणार होते, की आम्ही दाखवायला आलोच नाही. पण मास्तरांनी फॉर्म हातात घेतला. मला वाटतं, त्यांना तिथे थोडं बसायचं होतं. समोर एक खुर्ची रिकामी झाली आणि ते बसले. सावकाश, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. खाली एक ओळ होती: तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. त्यांनी तिथे एक नाव लिहिलं. पुढे नातं: पत्नी.

मी शेजारून ते नाव वाचलं. चौदा वर्षं मी त्या घरात चहा प्याले होते. वहिनींचं नाव मला तेव्हा कळलं.

फॉर्म मी नेऊन दिला. मुलीनं बघितला. “यांचा फोन नंबर राहिलाय.”

“नंबर नाही,” मी म्हटलं. “त्या दोन महिन्यांपूर्वी गेल्या.”

“अगं बाई! मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागेल. घरात कोणी?”

मी मागे वळून बघितलं. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. घरात कोणीच नव्हतं.

मुलीनं पट्टी घेतली आणि त्या नावावर सरळ एक रेघ मारली. नीटनेटकी मुलगी होती. मग पेन उचलून तिनं माझ्याकडे बघितलं.

“तुमचं लिहू का इथे?”

मी नाव सांगितलं. मग नंबर सांगितला, एकेक आकडा.