झेंडूखालची परात

मी एक जुनी लोखंडी परात आहे. केजच्या बाजारातल्या तात्याबांच्या हॉटेलात माझी उमर गेली. पुरीची कणीक माझ्यातच मळली जायची. "ही परात हाय म्हनून हॉटेल हाय," असं तात्याबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी उगाच फुगून जायचे.

पण मित्रांनो, माझ्याकडून आणखी एक काम करून घेत. थंडीत गॅस संपत आला की टाकी माझ्यात उभी करायची आणि भोवती कढत पाणी ओतायचं. मग उरलासुरला गॅसही निघे. अख्खा बाजार हेच करी, कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

सात वर्षांपूर्वी, बाजाराच्या सकाळी, कामवाल्या सुभद्राबाईंनी दुसऱ्यांदा उकळतं पाणी ओतलं आणि त्या बाहेर गेल्या. टाकी जास्त तापून तिच्यातून गॅस फुसफुसत सुटला, भट्टीपर्यंत पोचला. मोठा भडका उडाला, हॉटेल कोसळलं. तात्याबांसह नऊ माणसं गेली. गावातल्या मुक्ताबाईंचा लेक समाधान नुसता चहा प्यायला थांबला होता.

टाकीच खराब होती, असं गावाने ठरवून टाकलं. सुभद्राबाई गप्प राहिल्या. ढिगाऱ्यातून मला काढलं, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला नऊ फोटोंपुढे मला झेंडूने भरून ठेवतात. माणसं वाकून नमस्कार करतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदाही माणसं जमली. त्याच जागेवर आता रामहरीचं हॉटेल आहे. सगळ्यांना चहा करता करता त्याचा गॅस मंदावला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यातली फुलं फोटोंपुढे ओतली, मला आत नेलं आणि टाकी माझ्यात उभी केली. पाण्याला उकळी फुटली, तसं त्याने पातेलं उचललं. बाहेर मुक्ताबाई लेकाच्या फोटोला हार घालत होत्या.

"रामहरी, ठिव ते पातेलं खाली!" सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. "त्या दिशी टाकी चांगली व्हती. आसंच पानी म्या ओतलं व्हतं. म्या!"

सगळे वळले. मुक्ताबाई आत आल्या. त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी भट्टी विझवली, मग म्हणाल्या, "सात वरसं माझ्या शेजारी बसून रडलीस. एकदा तरी सांगायचं व्हतंस, बाई."

चहा कुणीच मागितला नाही.

मित्रांनो, माझ्यात फुलं भरू नका. त्या सकाळी काय झालं, तेवढं लेकराबाळांना खरं सांगा.