म्हशीची कॉमेंट्री

सफिया मॅडमना कडावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून दुसरं वर्ष सुरू होतं, आणि सातवीचा वर्ग अजून तोंड उघडत नव्हता. धडा वाचायला सांगितला की पोरं घडाघडा वाचत. स्पेलिंगं तोंडपाठ. पण "व्हॉट डिड यू ईट टुडे?" असं साधं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. फार तर कुणीतरी मागून विचारी, "मॅडम, भाकरीला काय म्हनतात?" आणि संभाषण तिथंच संपे.

कर्जतला घरी पोचल्यावर नवरा मुनव्वर रोज विचारी, "बोलले का गं तुझे इंग्रज?" त्या चहाचं आधण ठेवत.

भातकापणी उरकली होती. शाळेमागच्या मोकळ्या शेतात पोरांनी पीच तयार केलं होतं. एका मधल्या सुट्टीत मॅडम डबा उघडून बसल्या, तोच खिडकीतून आवाज आला.

"अँड द बॉल इज गोइंग, गोइंग... ओ हो हो! स्ट्रेट इन्टू द नाला!"

मॅडमनी वाकून पाहिलं. कुंपणाच्या भिंतीवर रिया बसली होती, स्टीलची पाण्याची बाटली माईकसारखी तोंडाशी धरून. हजेरीला "प्रेझेंट"सुद्धा धड ऐकू येणार नाही असं म्हणणारी रिया! हिवाळाभर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा चालत, लाउडस्पीकरचा आवाज घराघरांत जाई. ते सगळं हिनं कानांत साठवलं होतं.

मॅडम खाली गेल्या. त्यांना पाहताच रियानं टुणकन उडी मारली आणि बाटली पाठीमागे लपवली.

"थांबलीस का गं? छान इंग्रजी बोलत होतीस."

"मॅडम, ते इंग्रजी नाय," रिया घाबरून म्हणाली. "ती कॉमेंट्री हाय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अख्खा वर्ग शेतात नेला. पुस्तकं वर्गातच ठेवायला लावली. "आज फक्त कॉमेंट्री. जे दिसेल ते सांगायचं. चुकलं तरी चालेल." आणि त्यांनी बाटली रियाच्या हातात दिली. रिया भिंतीवर चढली खरी, पण मॅडम समोर उभ्या म्हटल्यावर नुसती बाटलीचं झाकण फिरवत बसली. पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली. मॅडमना वाटलं, झालं, हेही फसलं.

इतक्यात बांधावरून एक म्हैस धावत आली. गळ्यातलं दावं मागे फरफटत होतं आणि त्यामागे हातात काठी घेऊन सोनाबाई, रियाच्या शेजारच्या आजी.

रियाचा हात आपोआप तोंडाशी गेला. "अँड बफेलो एन्टर्स द ग्राउंड! सोनाबाई इज रनिंग! सोनाबाई इज व्हेरी व्हेरी अँग्री!"

"बफेलो इज नॉट लिसनिंग!" अरबाज ओरडला.

"शी इज स्टँडिंग ऑन द पीच!"

"शी इज ईटिंग माय कॅप!"

मग कोण काय बोलतंय ते कळेना. गलका ऐकून हेडमास्तर वाल्मिक सर ऑफिसातून धावत आले. ते गणिताचे, इंग्रजीपासून चार हात लांब राहणारे.

"हेड सर इज कमिंग फ्रॉम द पॅव्हेलियन!" रियाचा आवाज टिपेला गेला. "ही टेक्स द रोप... कॉट! कॉट बाय हेड सर!"

सरांच्या हातात दावं होतं आणि पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखली होती. "मॅडम, हा कुठला धडा म्हणायचा?"

"प्रेझेंट कंटिन्युअस, सर."

सर इतके हसले की दावं सुटता सुटता राहिलं.

सोनाबाई धापा टाकत पोचल्या. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि भिंतीकडे वळल्या. "रिया, माझं नाव घेऊन काय गं बोंबलत होतीस?"

रियाचा चेहरा उतरला. "तू लय रागावलीस, असं बोलले, आजी."

"रागावले? अगं, तिचे दिवस भरलेत. तशीच रस्त्यावर गेली असती आन् टेंपोखाली आली असती म्हंजे? पोटात गोळा आला माझ्या. त्याला काय म्हनतात तुमच्या इंग्रजीत?"

शब्द मॅडमच्या ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला आणि वाट पाहिली.

"सोनाबाई इज... नॉट अँग्री," रिया सावकाश म्हणाली. "सोनाबाई इज अफ्रेड."

"हां, तसं सांग. नायतर गावाला वाटंल म्हातारी जनावराला मारते. जोरात सांग, पलीकडच्या आळीला जाऊ दे."

रियानं सांगितलं. पलीकडच्या आळीला नक्की गेलं असेल, कारण घसा बसला तिचा.

त्या संध्याकाळी मुनव्वरनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि मॅडम इतका वेळ सांगत बसल्या की चहा दोनदा उकळून आटला.

पुढच्या आठवड्यात रिया उशिरा आली. दारातच उभी राहून धापा टाकत म्हणाली, "मॅडम, बफेलो डिलिव्हर्ड!"

मॅडम फळ्याकडून वळायच्या आत वर्ग तुटून पडला.

"व्हेन?"

"मॉर्निंग! टुडे मॉर्निंग!"

"बॉय ऑर गर्ल?"

"गर्ल!"

टाळ्याच टाळ्या. दुधाच्या धंद्याच्या गावात पारडी झाली म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगायला नको होतं.

"व्हॉट इज हर नेम?" मिस्बाहनं विचारलं. ती वर्षभरात पहिल्यांदाच बोलत होती.

"नो नेम. सोनाबाई इज थिंकिंग."

मग नावांवरून जुंपली. धिस नेम इज गुड, नो नो, दॅट इज माय आंटीज नेम, आय अॅम टेलिंग सोनाबाई! व्याकरणाची पार वाट लागली होती. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या. बोलण्यात त्यांचा नंबर लागायला बराच वेळ होता.