लव्हाळ्यापर्यंत पोचणारं रीळ

साडूभाऊंकडे होडी आहे आणि माझ्याकडे स्वाभिमान, म्हणून मला रीळ हवं होतं.

आमच्या तळ्यातले मोठे बास मासे पलीकडच्या लव्हाळ्यात दडून बसतात. तिथे आम्ही दोघं होडीनं जायचो. मग उन्हाळ्यात एक दांडगा मासा अगदी होडीपाशी येऊन निसटला. त्यांनी जाळी उशिरा लावली, असं माझं म्हणणं. मी घाईनं ओढला, असं त्यांचं. झाली जुंपली, आणि तेव्हापासून अबोला. साडूभाऊ दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतात, स्वतःचं मात्र शिवून घेतलेलं. मीही काही कमी नाही.

"एक फोन केलात तर झिजाल का?" बायको म्हणाली.

"मी काठावरूनच तिथे पोचेन," मी म्हणालो. बोलायला काय जातं?

माझं पडद्यांचं दुकान आहे. ताग्यांवर तागे उलगडायला लावून 'विचार करून सांगतो' म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात जातं. त्या सकाळी मासेमारीच्या रिळांच्या दुकानात मी नेमका तसाच वागत होतो.

"ते चकचकीत दाखवा."

"ते हलक्या आमिषासाठी," दुकानदारबाई म्हणाल्या. "तुम्ही फेकणार काय?"

मी खिशातून तळहाताएवढा लाकडी मासा काढला.

"अगं बाई! मासे धरायचेत की ठार मारायचेत?" त्यांनी मागच्या फळीवरून जड आमिष फेकायचं एक ठोकळ्यासारखं बेटकास्टिंग रीळ उतरवलं. "मग हे घ्या. ह्याचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायचं चाक, रुंद आणि खोल; लांबच्या फेकीलाही दोरा पुरतो. मूठ मोठी, चाल धिमी. फार वेगवान घेतलंत तर हे धूड ओढता ओढता मनगट जाईल."

"आणि ब्रेक?"

"आहे की. पण खरा ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. आमिष पाण्यावर टेकलं की स्पूल दाबायचं. नाहीतर ते फिरतच राहतं आणि दोऱ्याचा नुसता गुंता."

बाजूची कळ पिळत पिळत त्यांनी लाकडी मासा सावकाश खाली सोडला. तो फरशीला टेकला आणि स्पूल थांबलं. रीळ मला तिथेच पसंत पडलं.

"पण इतक्या लांब कशाला फेकायचं?" बाईंनी विचारलं. "तळ्यावर कुणाची होडी नाही?"

"आहे," मी म्हणालो. "हे बांधून द्या."

गळ काढून ठेवून घरामागे सराव केला. शेजारीणबाईंची चादर दोनदा दोरीवरून उतरवली, तेव्हा त्यांनी आपण होऊन कपडे आत वाळत घालायला सुरुवात केली.

रविवारी तळ्यावर गेलो. साडूभाऊ होडीत, माझ्याकडे पाठ करून. मी सगळा जोर लावून काठी फिरवली. रीळ गुणगुणलं, दोरा सुटत गेला, सुटतच गेला, आणि लाकडी मासा थेट लव्हाळ्याच्या कडेला टपकला. अंगठाही वेळेवर पडला! "बघितलंत?" म्हणत मी शेजारी वळलो. शेजारी कोण असणार? खोटं कशाला बोलू, मला त्या माणसावाचून करमत नव्हतं.

मूठ फिरवली तर दोरा ताठ. मासा झटके देतो, ओंडका देत नाही; हे नवख्यालाही कळतं. मलाही कळलं. तरी मी ओरडलो, "अहो साडूभाऊ! मोठा लागलाय! लवकर या!"

ते वल्ही मारत आले. माझ्यापेक्षा जुने मासेमार. त्यांनी जागचा न हलणाऱ्या दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाप रे," ते म्हणाले, "धूडच दिसतंय. बसा, बसा."

लव्हाळ्यापाशी पोचल्यावर त्यांनी बाही सरकवून पाण्यात हात घातला. काळा, शेवाळलेला ओंडका आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसत होता. त्यांनी गळ सोडवला, लाकडी मासा पुसून माझ्या हातात दिला.

"निसटला हो," ते म्हणाले. "माझाच हात उशिरा पोचला."

"छे, छे," मी म्हणालो. "मीच घाईनं ओढला."