आर्गिरोचे हात

"बाई, तेख्ने, म्हणजे हातातलं कसब, एवढं थोर होतं, तर ते शिकवणाऱ्या शाळेत आपल्याकडे शिक्षा म्हणून का पाठवतात?"

फोतिनीने उभं राहून विचारलं आणि मागच्या बाकावर लुकियाने हसू दाबायला तोंडात पेन कोंबलं. हिंमत असेल तर विचार, ही पैज तिचीच. पण पैज नुसतं निमित्त. या प्रश्नाला फोतिनी दोन वर्षं धार लावत बसली होती.

व्रेतूबाईंनी फळ्यावर 'तेख्नोलोगिया' लिहून मधोमध रेघ मारली होती. तेख्ने म्हणजे कसब, कुंभाराचं, सुताराचं, कवीचंसुद्धा. जुन्या ग्रीक लोकांनी त्यात वरचं-खालचं केलं नव्हतं. लोगोस म्हणजे त्यामागचा विचार, तो मांडणारी भाषा. लोहाराला देव मानणारी माणसं आपण, हे बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. आणि याच वर्गात, याच बाई, फोतिनीच्या थोरल्या बहिणीला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, तुझं डोकं इथे चालायचं नाही, तू आपली तांत्रिक शाळा बघ. आर्गिरोने बघितली. आता ती जहाजांची इंजिनं शिकते, आणि घरी पाहुणे आले की हात टेबलाखाली ठेवते.

"कोणाला पाठवलं शिक्षा म्हणून?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीला. तुम्हीच."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि फोतिनीला ते बघून इतकं गार गार वाटलं की विचारू नका. मग बाईंनी खडू ठेवला, बोटं झटकली.

"माझ्या विषयात तुला वीसपैकी एकोणीस आहेत. शाळेत पहिली म्हणून संचलनात झेंडा तू धरतेस. तू जाशील त्या शाळेत?"

बाई रागावल्या असत्या तर फोतिनीकडे उत्तर तयार होतं. ती खाली बसली.

मधल्या सुट्टीत लुकियाने तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. काय जिरवलीस गं, काय जिरवलीस. फोतिनी हसत होती, पण तिळाचा पाव तिने अर्धाच खाऊन दप्तरात टाकला.

घरी जेवायला मसुराचं सूप होतं. तिने सगळं रंगवून सांगितलं, बाईंचा शेवटचा प्रश्न तेवढा गाळून. आई म्हणाली, आता मार्क कापेल ती बया. बाबा एर्मूपोली बंदराच्या गोदीत लेथवर काम करतात. ते मात्र खूश झाले.

"बरी ठोकलीस. आर्गिरोचं झालं ते झालं. तू तरी सुटलीस बाई, आमच्यासारखे काळे हात घेऊन फिरायला नको."

आर्गिरो नखांतलं ग्रीस काढायला लिंबाची फोड घासत होती. तिने फोड ताटलीत ठेवली आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले. आज तर पाहुणे नव्हते.

फोतिनी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या होडीचं इंजिन याच हातांनी उघडलं होतं, आणि फोतिनी बॅटरीचा उजेड धरून उभी होती. इंजिन धडधडलं तेव्हा ताईपेक्षा तीच जास्त ओरडली होती.

तिने चमचा खाली ठेवला.

"आई, बाबा, झेंडा आता कोणीही धरू दे. सप्टेंबरपासून मी ताईच्या शाळेत जाणार. इंजिनंच शिकणार. बाईंना उद्या सांगेन. तुम्हाला आधी सांगितलं."